देणगीचे डोनेशन कसे झाले

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत शेजारच्या भाभी दारात आल्या. हातात एका कॉन्व्हेंट शाळेचा फीचा कागद होता. "सर, हे जरा वाचून सांगा." मी वाचून दाखवले. ट्यूशन फी, टर्म फी, ग्रंथालय, संगणक, अनामत. सगळे ऐकून झाल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि वीस हजार वेगळे मागितलेत. डोनेशन. ते यात लिहिलेलं नाही. फादर-सिस्टरांची शाळा ना ही? ते तर गरिबांना शिकवतात म्हणतात."

मी उर्दू शाळेतला मास्तर. त्यांचा प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर चारशे-पावणेपाचशे वर्षे मागे जाते.

कॅथलिक शाळांमध्ये जेझुइट संघाचे नाव मोठे. इग्नेशियस लोयोला यांनी हा संघ स्थापला. शिकवण्याचे पैसे विद्यार्थ्याकडून घ्यायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता. 1548 मध्ये सिसिलीतील मेसिना शहरात त्यांचे कॉलेज सुरू झाले, त्याचा खर्च शहराने उचलला. म्हणजे आधी कोणी तरी देणगी द्यायची, मग शाळा उघडायची आणि मुलांना फुकट शिकवायचे. देणगी होती म्हणून फी नव्हती.

पण फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्याचेच पाहा. तिथे पोर्तुगीजांनी देवळे पाडली आणि 1541 मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न धर्मशिक्षणाच्या कामाकडे वळवले. त्यातूनच पुढे प्रसिद्ध झालेले सेंट पॉल कॉलेज पोसले गेले. मुलाला फी नव्हती, पण त्याची किंमत दुसऱ्याच कोणी तरी मोजली होती. शाळेच्या जमाखर्चात हा प्रश्न नेहमी विचारावा लागतो: पैसा कोणाचा?

पुढे दिवस पालटले. 1759 मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना आपल्या मुलखातून घालवले, 1773 मध्ये पोपनी संघच बरखास्त केला. 1814 मध्ये तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा जुनी इस्टेट हातात राहिली नव्हती. शेवटी 1833 मध्ये पोपनी शिकवण्याबद्दल फी घेण्याची सवलत दिली. नियम मोडला तो लोभाने नव्हे, हात रिकामे झाले म्हणून.

हिंदुस्थानात तर सरकारनेच फी घ्यायला लावली. 1854 च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत आणली आणि तीत अट घातली की शाळेने विद्यार्थ्याकडून काही ना काही फी घ्यावी, थोडी का होईना. फुकट मिळालेल्या शिक्षणाची कदर राहत नाही, असा साहेबांचा हिशेब. मुंबईत माझगावची सेंट मेरीज 1864 ची, सेंट झेवियर्स 1869 ची. दोन्ही या नव्या व्यवस्थेच्या काळात उभ्या राहिल्या.

तरीही मिशनच्या शाळांची फी बराच काळ आटोक्यात राहिली. कारण वर्गात शिकवणारे फादर आणि सिस्टर संसारी नव्हते. त्यांचा पगार त्यांच्या घरी जात नसे, संघाकडे जमा होई. आजही अनुदानित शाळांत तसेच चालते. या पगारातून आयकर कापायचा की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये कोर्टाने कापायचा असा निकाल दिला. पण वर्गातले झगे कमी झाले आणि त्यांच्या जागी पगारदार शिक्षक आले. जिथे सरकार पगार देते तिथे निभावते. विनाअनुदानित शाळेत तो सगळा भार पालकाच्या खिशावर येतो. भाभींच्या कागदावरची ट्यूशन फी म्हणजे मुख्यतः हाच पगार.

कायद्याचाही इतिहास आहे. घटनेचे 30 वे कलम अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क देते. केरळच्या शिक्षण विधेयकात प्राथमिक वर्गांत फी घेऊ नये अशी तरतूद होती. 1958 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणाले की भरपाई न देता ही अट अल्पसंख्याकांच्या नव्या शाळांवर लादली, तर हा हक्क पोकळ होईल. फी घेणे हा गुन्हा नाही. पण 2002 च्या टी. एम. ए. पै निकालात त्याच कोर्टाने दुसरी बाजूही सांगितली: फी ठरवा, मात्र नफेखोरी नको आणि कॅपिटेशन फी नको. महाराष्ट्रात तर प्रवेशाच्या बदल्यात पैसे घेण्याला 1987 च्या कायद्यानेच बंदी आहे.

हे कलम आम्हा मुसलमानांच्या शाळांनाही लागू आहे, म्हणून बोट एकट्या कॉन्व्हेंटकडे दाखवून चालणार नाही. 1874 ची अंजुमन-ए-इस्लाम बद्रुद्दीन तय्यबजींसारख्यांच्या पुढाकाराने आणि लोकांच्या देणग्यांवर उभी राहिली. ज्याच्याकडे होते त्याने दिले, ज्याच्याकडे नव्हते त्याचे मूल शिकले. देणगीचा अर्थ हाच. दारात उभ्या असलेल्या गरजूकडून, "नाही दिले तर मूल बाहेर" असे सांगून घेतात, ते दुसरेच काही तरी आहे. इंग्रजी शब्द वापरला म्हणून त्याचा अर्थ बदलत नाही.

मी भाभींना हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हणालो, कागदावर जे आहे ते विचारून, समजून भरा, आणि जे नाही त्याची पावती मागा. एका ओळीचा अर्जही लिहून दिला: "सदर रकमेची पावती मिळावी ही विनंती."

दोन दिवसांनी त्या परत आल्या. अर्ज तसाच घडी घातलेला होता. "माफ करा सर. दिला असता तर मुलीची सीट गेली असती." पैसे त्यांनी भरले होते. पावती नव्हती. बांगड्याही हातात नव्हत्या.

मुलगी आता त्या शाळेत जाते, छान शिकते. सिस्टर जीव लावून शिकवतात असे भाभी सांगतात आणि मला ते खरे वाटते. म्हणूनच ती न मिळालेली पावती जास्त सलते. ज्या परंपरेने गरिबाच्या मुलाला फुकट शिकवण्यासाठी देणगी घ्यायला सुरुवात केली, तिच्या वहीत त्या बांगड्यांची नोंद कुठेच नाही.