नंदू माधव: गेवराईचा नट, अंतराळयानातल्या पडद्यावरचा साहेब

सायन्स फिक्शन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रोबोट, लेझर आणि कोट्यवधींचे व्हीएफएक्स येतात. पण ज्या सिनेमाकडे तेवढा पैसाच नाही, त्यानं काय करायचं? माझ्या मते, त्यानं चांगला चरित्र अभिनेता गाठायचा. हिरो नव्हे, हिरोचं जग ज्याच्यामुळे खरं वाटतं असा नट. असा एक नट आपल्या बीड जिल्ह्यातला आहे, गेवराईचे नंदू माधव.

आरती कडव या संगणक इंजिनिअर. आयआयटी कानपूरला शिकल्या आणि मग सिनेमाकडे वळल्या. त्यांचा 'कार्गो' हा हिंदी सिनेमा २०१९ मध्ये मुंबईच्या मामि महोत्सवात दाखवला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. गोष्ट भारी आहे. 'पुष्पक' नावाच्या यानात प्रहस्त नावाचा राक्षस (विक्रांत मेस्सी) नोकरी करतो. मेलेली माणसं तिथं 'कार्गो' म्हणून येतात, त्यांच्या आठवणी पुसल्या जातात आणि त्यांना पुढच्या जन्माला पाठवलं जातं. त्याच्या मदतीला येणारी युविष्का म्हणजे श्वेता त्रिपाठी. पुष्पक आणि प्रहस्त ही रामायणातली नावं, पण कारभार मात्र थेट सरकारी खात्यासारखा!

यात नंदू माधव आहेत नीतिज्ञ. म्हणजे प्रहस्तचे पृथ्वीवरचे साहेब. ते यानातल्या पडद्यावर येऊन बोलतात, आणि बोलतात कसे, तर तहसील कचेरीतले एखादे समंजस साहेब बोलावेत तसे. त्यामुळे राक्षस, पुनर्जन्म, अंतराळ हे सगळं आपण सहज पचवतो. महागड्या ग्राफिक्सनं हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

आता यातली टेक्निकल गंमत बघा. सिनेमात पडद्यावरचा माणूस दाखवायच्या दोन पद्धती असतात. एक, त्याचं शूटिंग आधी करून सेटवरच्या स्क्रीनवर ते चालवायचं. दुसरी, सेटवर हिरवी स्क्रीन ठेवायची आणि एडिटिंगच्या वेळी त्यात चित्र बसवायचं. दोन्हीत नटाची पंचाईत होते, कारण समोरचा कलाकार समोर नसतो. नजर लेन्सवर किंवा तिच्या अगदी जवळ धरायची, आणि उत्तर ऐकू आल्यासारखं थांबायचं. व्हिडिओ कॉलवर आपण सगळे कॅमेऱ्याऐवजी स्क्रीनकडे बघतो, म्हणून समोरच्याला आपली नजर खाली झुकलेली दिसते. एकदा लेन्सकडे बघून पाच मिनिटं बोलून बघा, म्हणजे हे काम किती अवघड आहे ते कळेल.

योगायोग असा की याच नटानं सिनेमाच्या तंत्रज्ञानाचं दुसरं टोकही पडद्यावर जगलंय. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) मध्ये ते दादासाहेब फाळके झाले. भारतानं हा सिनेमा ऑस्करला पाठवला होता. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आणण्याआधी फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं करून चित्रित केलं होतं. तुमच्या फोनमधला टाइम-लॅप्स हेच करतो: काही सेकंदांनी एक फ्रेम घेतो आणि मग सगळ्या भराभर पळवतो. फाळक्यांकडे ते बटण नव्हतं, एवढाच फरक.

बाकी कामाची यादी मोठी आहे. 'शाळा', 'जन गण मन', 'टपाल' हे त्यातलेच. यंत्रं सोडून फक्त माणसांवर उभं राहिलेलं त्यांचं काम बघायचं असेल, तर रंगभूमीकडे जावं लागतं. २०१२ साली आलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' त्यांनी दिग्दर्शित केलं. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेल्या या नाटकात जालना जिल्ह्यातले शेती करणारे कलाकार स्टेजवर उभे होते.