मिसळ बदलते, मग बिअर का बदलत नाही?

लोकलच्या दारात उभे राहून ऐकणारे, रात्री दिवा मालवून ऐकणारे आणि ऐकायचं सोडून थेट इथे वाचायला आलेले, सगळ्यांचं स्वागत.

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. रोड ट्रिपला निघालात की खाणं कसं बदलत जातं बघा. पुण्याची मिसळ वेगळी, नाशिकची वेगळी, कोल्हापूरची तर बोलायलाच नको. शंभर-दोनशे किलोमीटर गेलं की रश्शाचा रंग बदलतो आणि त्यावरून भांडायला माणसंही बदलतात. पण संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर ग्रुपमधल्या कुणी बिअर मागवली, तर बाटली तीच असते. तोच सोनेरी रंग, तीच चव. असं का?

उत्तर शोधायला आज आपण एक रोड ट्रिप काढू, कानातून. जर्मनीच्या पश्चिम टोकाकडून निघायचं आणि चेक देशातल्या एका गावात थांबायचं. अंतर हजाराच्या आसपास किलोमीटर. गाडी मी चालवतोय, त्यामुळे मी काही चाखणार नाही. तुम्ही चाखा, मी गोष्ट सांगतो.

निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात ठेवू. जुन्या काळी बिअर म्हणजे नाशवंत माल. नीरेचं उदाहरण घ्या ना. सूर्योदयाआधी उतरवलेली नीरा दुपारपर्यंत ताडी होते, म्हणून ती झाडापासून लांब जाऊ शकत नाही. बिअरचं इतकं टोकाचं नसलं तरी तऱ्हा तीच. पिंप जड, रस्ते खराब, वाहतूक बैलाघोड्यांची, आणि ऊन लागलं की माल आंबट. त्यामुळे ती जिथे बनायची तिथेच संपायची. ‘लोकल’ ही तेव्हा फॅशन नव्हती. नाइलाज होता.

पहिला थांबा: ड्युसेलडॉर्फ आणि कोलोन

ऱ्हाइन नदीवरची ही दोन शहरं. मध्ये अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर, म्हणजे पुणे ते लोणावळाही त्याहून लांब. पण ड्युसेलडॉर्फमध्ये मिळते ‘आल्ट’, तांबूस तपकिरी रंगाची. आल्ट म्हणजे जुनी, जुन्या पद्धतीने आंबवलेली. कोलोनमध्ये मिळते ‘क्योल्श’, फिकट पिवळी आणि हलकी. कोलोनमध्ये बसून आल्ट मागणं म्हणजे कोल्हापुरात बसून पुणेरी मिसळ मागण्यासारखं.

क्योल्श येते अवघ्या २०० मिलिलिटरच्या उभट ग्लासात. ग्लास रिकामा दिसला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारतो. बास करायचं असेल तर ती चकती ग्लासावर झाकण म्हणून ठेवायची. आणि गंमत म्हणजे क्योल्श हे कोलोनच्या बोलीचंही नाव आहे. जी भाषा बोलायची, तीच प्यायची!

पण हे आपोआप टिकलेलं नाही. १९८६ साली तिथल्या बिअर बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन करार केला: क्योल्श हे नाव कुणी, कुठे आणि कसं वापरायचं ते ठरवून टाकलं. १९९७ मध्ये युरोपीय संघानेही या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. म्हणजे इथे ‘लोकल’ टिकलं ते कागदावर सही करून.

दुसरा थांबा: बांबर्ग

आता लांबचा पल्ला. जवळजवळ पावणेचारशे किलोमीटर पूर्वेला, फ्रँकोनिया नावाच्या मुलुखात. इथे गावागणिक बिअरचे छोटे कारखाने आहेत. काही ठिकाणी खानावळ पुढे आणि कारखाना मागे.

बांबर्गच्या बिअरचा पहिला घोट घेतलात तर तुम्ही ग्लास खाली ठेवाल आणि माझ्याकडे बघाल. कारण तिला धुराचा वास येतो. थेट चुलीवर भाजलेल्या वांग्याचा!

कारण असं. बिअरसाठी जव भिजवतात, त्याला मोड आणतात आणि मग ते वाळवतात. या वाळवलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. ऊन कमी असलेल्या देशात वाळवायचं कसं? खाली लाकूड पेटवून. मग धूर धान्यात मुरणारच. त्यामुळे एके काळी युरोपातल्या कितीतरी बिअरना कमीजास्त धुराची चव असायची. ती कुणाची खासियत नव्हती, सगळ्यांची अडचण होती. पुढे धूर वेगळा काढून नुसत्या गरम हवेने माल्ट वाळवायच्या भट्ट्या आल्या आणि सगळे सुटले. बांबर्गमधल्या मोजक्या लोकांनी मात्र बीचच्या लाकडाचा जाळ सोडला नाही. त्यातल्या ‘श्लेंकेर्ला’ या खानावळीचा उल्लेख थेट १४०५ सालापासून सापडतो. जगाने टाकून दिलेली अडचण एका गावाने जपली आणि तीच त्याची ओळख झाली.

तिसरा थांबा: न्युरेम्बर्ग, फक्त चहापुरता

तासाभरात न्युरेम्बर्ग. इथून शेजारच्या फ्युर्थ गावापर्यंत ७ डिसेंबर १८३५ रोजी जर्मनीतली वाफेच्या इंजिनाची पहिली रेल्वे धावली. सुरुवातीला फक्त माणसांची ने-आण. मग पुढच्या वर्षी, १८३६ मध्ये, तिच्यावरून पहिल्यांदा माल गेला. काय माल होता?

बिअरची दोन पिंपं.

अंतर फार तर सहा किलोमीटर. पण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दोन पिंपांत आहे. त्या दिवसापर्यंत बिअर गावाला बांधलेली होती. आता तिला चाकं लागली.

चौथा थांबा: इंगोलस्टाट आणि म्युनिक

न्युरेम्बर्गहून म्युनिकला जाताना वाटेत इंगोलस्टाट लागतं. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूकांनी इथे एक फर्मान काढलं: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही घालायचं नाही. हॉप्स म्हणजे कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं. यीस्टचं नाव यादीत नाही, कारण आंबवणारा तो सूक्ष्म जीव तेव्हा कुणाला माहीतच नव्हता.

याला ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणतात आणि आजही जाहिरातीत मिरवतात. पण फर्मान नीट वाचलं तर त्यात भावही ठरवून दिलेला आहे. हिवाळ्यात एका मापाला एक फेनिग, उन्हाळ्यात फार तर दोन. शिवाय जवाचाच आग्रह धरला की गहू पावासाठी शिल्लक राहतो. म्हणजे प्रश्न शुद्धतेइतकाच पोटाचा आणि खिशाचाही होता. आणि या कायद्याची दुसरी बाजूही बघा. १९०६ मध्ये तो साऱ्या जर्मनीला लागू झाला, तेव्हा इतर भागांत मसाले, फळं, वनस्पती घालून होणाऱ्या कितीतरी गावठी बिअर अडचणीत आल्या. एका गावचा नियम सगळ्यांचा झाला की बाकीच्यांची चव जाते.

म्युनिकची गोष्ट थंडीची आहे. इथलं यीस्ट थंडाव्यात, सावकाश काम करणारं. उन्हाळ्यात बिअर नासते म्हणून १५५३ पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायलाच बंदी होती. मग उन्हाळ्यापुरता साठा आधीच करायचा, तोही जमिनीखालच्या तळघरांत. साठवणं याला जर्मनमध्ये ‘लागेर्न’ म्हणतात. आपल्याकडच्या बाटलीवरचा ‘लागर’ शब्द तिथून आला.

तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली. पानं मोठी, सावली दाट, मुळं फार खोल जात नाहीत. आता दाट सावली, खाली थंडगार बिअर, लोक तिथेच टेकायला लागले! शहरातले खानावळवाले चिडले. शेवटी १८१२ मध्ये राजाने तोडगा काढला: तळघरवाल्यांनी उन्हाळ्यात बिअर विकावी, पण पावाशिवाय खायला काही विकू नये. म्हणून लोक घरून डबा आणायला लागले. आजही बव्हेरियातल्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये स्वतःचा डबा उघडून बसता येतं. १९९५ मध्ये शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून एका बागेवर लवकर बंद करायची वेळ आली, तेव्हा म्युनिकमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. हे भांडण संध्याकाळी झाडाखाली एकत्र बसायच्या हक्काचं होतं.

शेवटचा थांबा: प्लझेन

आता सीमा ओलांडून चेक देशात. इथे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल शून्य लागतं. थोडंसंही चालत नाही.

१८३८ मध्ये प्लझेनच्या लोकांनी एक अफाट गोष्ट केली. गावची बिअर इतकी बिघडली होती की तिची ३६ पिंपं नगरपालिकेच्या इमारतीसमोर ओतून दिली! मग गावकऱ्यांनी मिळून नवा कारखाना काढला आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर बोलावला. ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिला घाणा काढला.

त्याने बव्हेरियातली थंड साठवणुकीची पद्धत आणली, माल्ट फिकट ठेवलं, हॉप्स जवळच्या झाटेत्सचे घेतले आणि पाणी प्लझेनचं. हे पाणी खूप मऊ. भांड्याला पांढरा थर धरणाऱ्या म्युनिकच्या जड पाण्यात गडद बिअर चांगली जमायची. प्लझेनच्या पाण्यात उतरली स्वच्छ, सोनेरी बिअर. प्लझेनची म्हणून ‘पिल्सनर’.

आणि मग सगळं एकदम जुळून आलं. रेल्वे होतीच. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने म्युनिकच्या बिअर कारखान्यासाठी गारवा तयार करणारं यंत्र बनवलं, मग तळघर आणि हिवाळा दोन्हींची गरज संपली. लुई पाश्चरने बिअर का नासते ते शोधलं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने शुद्ध यीस्ट वेगळं वाढवून दाखवलं. आता प्लझेनची चव कुठेही बनवता येत होती. ती बनवलीही गेली, जगभर.

तर मंडळी, आपल्या प्रश्नाचं उत्तर हे. मुक्कामी समोर येणारी ती सोनेरी बाटली ‘कुठलीच नाही’ असं वाटतं ना? ती एका गावचीच आहे. एका गावची लोकल चव इतकी गाजली की बाकी हजार गावांच्या चवी तिच्याखाली झाकल्या गेल्या. प्लझेनवाल्यांना तर स्वतःच्या बिअरला ‘उर्केल’, म्हणजे ‘मूळ झरा’, असं वेगळं नाव लावावं लागलं, कारण ‘पिल्सनर’ सगळेच विकत होते.

नाइलाज संपल्यावरही जे लोकल उरलं, ते कुणीतरी ठरवलं म्हणून उरलं. कोलोनने करार केला, बांबर्गने हट्ट केला, म्युनिकने मोर्चा काढला.

आपल्या जवळही याचं उदाहरण आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे कोलोनसारखंच नाव राखलं गेलं. आणि तिच्या आधीच्या ऊर्धपातनात निघणारी हुर्राक? ती काजूच्या हंगामातच मिळते, फार टिकत नाही, म्हणून फार लांबही जात नाही. बिअर दोनशे वर्षांपूर्वी जशी होती, तशी ती अजून आहे. तिची चव घ्यायची तर तिच्या गावाला, तिच्या महिन्यात जावं लागतं.

जाताना दोन गोष्टी. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, आणि पुढच्या ट्रिपला स्टिअरिंग ज्याच्या हातात असेल त्याने माझ्यासारखं करायचं: गोष्टी सांगायच्या, चहा प्यायचा. न पिणाऱ्यांनीही मुक्कामी एक प्रश्न जरूर विचारा: “इथलं असं काय आहे, जे पुढच्या गावात मिळणार नाही?” ताक असेल, सरबत असेल, सोलकढी असेल. काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सावकाश चालवा!