आरोपी नसलेला आजार

१८८१ साली पन्नाच्या महाराणीने आपल्यावर उपचार करणाऱ्या एलिझाबेथ बील्बी या मिशनरी बाईंना एक निरोप लिहून घ्यायला सांगितला. हिंदुस्थानातल्या बायका आजारी पडल्या की त्यांचे किती हाल होतात, हे व्हिक्टोरिया राणीच्या कानावर घालायचे होते. मजकूर बारीक अक्षरात लिहायचा होता, कारण तो लॉकेटमध्ये घालून पाठवायचा होता. त्यातून पुढे १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला. स्त्री डॉक्टर, सुईणी आणि परिचारिका तयार करायच्या आणि बायकांसाठी दवाखाने काढायचे, हा त्याचा हेतू. आजच्या बंगळूरमध्ये दहा किलोमीटरच्या शर्यतीत एखाद्या संस्थेच्या नावाने धावून पैसे जमवले जातात, त्या रीतीची एक मुळी इथवर जाते. पण या रीतीत सुरुवातीपासून एक खोट आहे. निधी मागणाऱ्याला आरोपी लागतो. घाणेरड्या हातांची अडाणी सुईण, बाळंतिणीची कोंदट खोली, पडदा, हे आरोपी डफरिन काळाला आयते मिळाले. गर्भारपणात रक्तदाब चढून शेवटी आकडी येते, त्या प्रीएक्लॅम्पसिया नावाच्या आजाराला मात्र कोणी आरोपीच नव्हता. आणि म्हणून तो निधीच्या रांगेत कायम मागे राहिला.

सुईणीवरचा आरोप खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. बाळंतरोग, म्हणजे प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग, बऱ्याचदा न धुतलेल्या हातांनीच होई, आणि पुढच्या एका व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी सुईणींच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ निधी जमवला तो याच कारणाने. (हात न धुणारे डॉक्टर युरोपातही होते, पण त्यांच्याविरुद्ध कोणी निधी जमवला नाही.) मात्र प्रीएक्लॅम्पसिया सुईणीच्या हातून होत नाही. तो साधारण पाचव्या महिन्यानंतर बाईच्या शरीरात मुकाट्याने सुरू होतो. रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग झटके. झटके येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत प्रथिने सापडतात, हे लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या जॉन लेव्हर यांनी १८४३ सालीच दाखवले होते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोच्ची यांचे यंत्र १८९६ चे. म्हणजे आजार हेरण्याची दोन्ही साधने विसावे शतक उजाडण्याआधीच हाताशी होती आणि दोन्ही स्वस्त होती. नव्हता तो फक्त ती वापरण्यासाठी पैसा मागणारा माणूस.

बंगळूरमध्ये पैसा कशावर खर्च झाला ते पाहिले की हे आणखी उघड होते. १८९७ साली राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव म्हणून व्हिक्टोरिया रुग्णालयाची पायाभरणी झाली. ती म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांच्या हस्ते. १९०० साली लॉर्ड कर्झन यांनी त्याचे उद्घाटन केले. छावणीच्या भागात बावरिंग रुग्णालयाला लेडी कर्झन यांचे नाव जोडले गेले. आणि १९३५ साली, महाराणींच्या निधनानंतरच्या वर्षी, व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या शेजारीच स्त्रिया आणि बालकांसाठी वाणी विलास रुग्णालय सुरू झाले. ‘वाणी विलास’ ही महाराणींचीच उपाधी. इमारतीला कोनशिला बसवता येते, नाव देता येते, उद्घाटनाला पाहुणा बोलावता येतो. प्रत्येक गर्भवतीचा रक्तदाब दर महिन्याला मोजण्याच्या कामाला कोनशिला कुठे बसवणार?

यावर एक वजनदार आक्षेप आहे. इमारती नसत्या तर काय? आकडी आलेल्या बाईला खाट लागते, इंजेक्शन लागते, शस्त्रक्रिया लागते, रक्त लागते. ते वाणी विलासमध्येच मिळणार, घरी नाही. मॅग्नेशियम सल्फेट हे अगदी स्वस्त क्षारद्रव्य डायझेपाम आणि फेनिटॉइन या औषधांपेक्षा कितीतरी सरस आहे, हे १९९५ च्या बहुराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केले. त्यात डायझेपामच्या तुलनेत पुन्हा झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. तेही रुग्णालयाशिवाय देणे कठीण. हे सगळे मान्य. तरी झटके आल्यावर दारात पोहोचणारी बाई आधीच उशिरा आलेली असते. तिला त्याआधी कोणी तपासले होते का, हे इमारत सांगत नाही. ते मोजदादच सांगते.

मोजदाद करणाऱ्यांत एक नाव मराठी वाचकांच्या जवळचे आहे. डॉ. जेरुशा झिराड या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातल्या. जन्म म्हैसूर संस्थानातल्या शिवमोग्ग्याचा, शाळा पुण्याची, वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, आणि १९१९ साली लंडनची स्त्रीरोगशास्त्रातली एम. डी. कामा रुग्णालयात येण्याआधी त्यांनी बंगळूरच्या प्रसूती रुग्णालयात काम केले होते. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली सुरू झालेले ते रुग्णालय पुढे झिराड यांच्या हाती आले. पण देणगीच्या इमारतीत बसून त्यांनी केलेले मोठे काम म्हणजे मुंबई शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी. तिचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. कारणे सुटी करून पाहिली की ‘सुईण’ हे एकच उत्तर पुरत नाही. जंतुसंसर्ग हे एक कारण, रक्तक्षय हे दुसरे, आणि त्या काळी ‘टॉक्सेमिया’ म्हणत तो रक्तदाबाचा विकार तिसरे. तिन्हींवर उपाय वेगळे. पाच वर्षांनी देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने बाळंतपणाशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे दोन लाख दिला. झिराड यांच्यासारख्यांची मोजदाद नसती, तर एवढ्या मोठ्या आकड्यातून उपायाची दिशा सापडणे अवघड होते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा: आता तर जागृतीच होते आहे, २२ मे हा जागतिक प्रीएक्लॅम्पसिया दिन पाळला जातो, मग तक्रार कसली? तक्रार ही, की जागृतीलाही आरोपी लागतो आणि सुईण पडद्याआड गेल्यावर तो मान आता गर्भवतीकडे आला आहे. ‘बाईने लक्षणे ओळखायला हवी होती.’ गर्भारपणात पाय सुजायचेच, असे सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्याच सांगतात, आणि बऱ्याचदा ते खरेही असते; साधी सूज आणि धोक्याची सूज यांतला फरक पायाकडे बघून कळत नाही, दंडाला पट्टा बांधूनच कळतो. २०१८ ते २०२० या काळात कर्नाटकात लाख जिवंत जन्मांमागे ६९ मातामृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्रात ३३, केरळात १९. पाचही दक्षिणी राज्यांत कर्नाटकाचा आकडा सर्वांत वरचा. केरळच्या पोटुश्या कर्नाटकातल्यांपेक्षा साडेतीन पट जागृत असतात, असे कोणी म्हणेल असे वाटत नाही.

आरोपी न शोधता नुसता प्रश्न विचारण्यासाठी आलेला पैसा काय करतो, याचे उदाहरणही बंगळूरचेच आहे. जागतिक आरोग्य संघटना आहारात कॅल्शियम कमी असलेल्या गर्भवतींना रोज दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम द्यायला सांगत असे. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या तीन-चार गोळ्या, त्याही लोहाच्या गोळीपासून वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. एवढे जमवायचे कसे? कोरमंगलच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशातून ११,००० पहिलटकरणींवर चाचणी घेतली; तशीच एक टांझानियात झाली. प्रत्येकीला रोज तीन गोळ्या. काहींच्या तिन्हींत कॅल्शियम, बाकीच्यांच्या एकीतच, उरलेल्या दोन पोकळ. जानेवारी २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला: प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ५०० मिलिग्रॅमच्या गटात ३.० टक्के, दीड ग्रॅमच्या गटात ३.६ टक्के. कमी मात्रा उणी ठरली नाही. परदेशी पैशावर इथल्या बायकांची चाचणी कशाला, हा तिसरा आक्षेप. पण या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या ताटात कॅल्शियम कमी पडते त्यांच्यातच शोधावे लागते. आपल्या सरकारचे २०१४ चे मार्गदर्शन दिवसाला दोन गोळ्यांचे आहे. त्यातली एक कमी करता येईल का, हा आता औषधखरेदीच्या हिशेबाचा आणि आशा कार्यकर्तीच्या पिशवीतल्या ओझ्याचा प्रश्न आहे.