आकृती आणि अक्षर : के. सी. एस. पणिक्कर यांची चित्रभाषा

के. सी. एस. पणिक्कर (१९११–१९७७) यांच्या चित्रनिर्मितीचे बहुधा दोन कालखंड पाडले जातात : १९६३ पूर्वीची आकृतिप्रधान चित्रे आणि त्यानंतरची ‘वर्ड्‌स अँड सिम्बॉल्स’ ही अमूर्ताकडे झुकणारी मालिका. ही विभागणी सोयीची खरी. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला जो प्रश्न प्रथम पडावा तोच तिच्यामुळे झाकला जातो. मानवाकृती हाताशी असलेल्या चित्रकाराने तिच्या जागी अक्षर आणले आणि ते वाचता येऊ नये अशा रीतीने आणले, हे कशासाठी?

पणिक्कर जन्माने कोइम्बतूरचे, भाषेने मल्याळी आणि कर्माने मद्रासचे. मद्रासच्या कलाशाळेत देवीप्रसाद रायचौधुरी यांच्या हाताखाली ते शिकले आणि पुढे १९५७ पासून दहा वर्षे तिचे प्राचार्य होते. १९४४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन स्थापन झाली, म्हणजे मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तीन वर्षे आधी. मराठी कलालेखनात या गोष्टीची दखल क्वचितच घेतली जाते. ‘ब्लेसेड आर द पीसमेकर्स’ (१९५१) सारख्या चित्रातील माणसे ठसठशीत आहेत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘गार्डन’ मालिकेत मात्र त्या आकृती सपाट होऊन झाडापानांत मिसळू लागतात. तेव्हा १९६३ चे वळण अचानक आलेले नव्हे.

एका विद्यार्थ्याच्या गणिताच्या वहीचे पान हे या मालिकेचे निमित्त सांगितले जाते. प्रारंभी अंक, समीकरणे आणि रोमन अक्षरे येतात. पुढे त्यांची जागा मल्याळम वळणाची अक्षरे घेतात. पृष्ठभाग फिकट, त्यावर बारीक रेघेने कोरल्यासारखे लेखन आणि कुंडलीच्या घरांची आठवण करून देणारे चौकोन. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरून काजळी भरलेल्या पोथीचे संस्कार येथे स्पष्ट आहेत. मात्र या ओळी लावू पाहणाऱ्या मल्याळी वाचकाच्या हाती काहीही लागत नाही. घरात पणजोबांचे मोडीतील दप्तर सापडावे, ते आपलेच आहे हे कळावे आणि एक ओळही लागू नये, हा अनुभव मराठी वाचकाला परका नाही. फरक इतकाच की मोडीत मजकूर असतो. पणिक्करांच्या अक्षरांमागे तो मुळातच नाही.

हे सारे भाषावार राज्यरचनेच्या (१९५६) दशकात आणि १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनाच्या मद्रासमध्ये घडत होते, याचा विसर पडू नये. लिपी ही त्या काळी अस्मितेची खूण होती, दुकानांच्या पाट्यांवरचाही वादविषय होती. पणिक्करांनी लिपीचे वळण ठेवले आणि तिचा अर्थ काढून घेतला. त्यामुळे चित्र प्रदेशाचे राहते, परंतु त्यापुढे मल्याळी, तमिळ आणि मराठी प्रेक्षक सारखेच निरक्षर ठरतात. या मालिकेवर सजावटीच्या देशीपणाचा आक्षेप घेता येतो आणि तिच्या अनुकरणांपुरता तो मान्यही करावा लागेल. मूळ चित्रांत मात्र अक्षरांच्या गर्दीत मासा, पक्षी, एखादी लहानशी मानवाकृती टिकून आहे. तिला आता नाव नाही, प्रसंग नाही; ती ओळीतल्या आणखी एका चिन्हासारखी उभी असते. म्हणूनच या चित्रांना निखळ अमूर्त म्हणणे अपुरे वाटते.

१९६६ मध्ये मद्रासच्या दक्षिणेस समुद्रकिनारी चोळमंडल हे कलाग्राम उभे राहिले. बाटिकसारख्या हस्तकलांच्या विक्रीतून तेथील चित्रकारांनी आपला निर्वाह साधला. कागदावरची रेघ, कापडावरचे मेण आणि धातूचा पत्रा ही माध्यमे तेथे शेजारी नांदत होती. पणिक्करांचे पुत्र एस. नंदगोपाल (१९४६–२०१७) यांनी तांब्या-पितळेच्या पत्र्यांना डाग देऊन जी शिल्पे घडविली, ती बहुतांशी समोरून पाहण्याची आहेत, पानासारखी. पित्याच्या चित्रांतली रेघ तेथे धातूची कड होऊन येते.