पावलांची पारख

चालणें ही क्रिया इतकी अंगवळणीं पडलेली असते, कीं ती हरपेपर्यंत तिचें मोल कळत नाहीं. पक्षाघातानें किंवा मज्जारज्जूच्या इजेनें पाऊल परकें झालें, म्हणजे बालपणींचा धडा पुन्हां गिरवावा लागतो. तो कसा द्यावा, आणि तो लागू पडला हें कशावरून ठरवावें, या दोन प्रश्नांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील हायडेन येथें हाइनरिख फ्रेंकेल यांनीं तोल गेलेल्या एका रोग्यास बोट नाकास लावावयास सांगितलें. तें त्यास नीट साधलें नाहीं. परंतु त्यानें घरीं नेटानें सराव केला आणि पुढील भेटींत तेंच सफाईनें करून दाखविलें. यावरून फ्रेंकेल यांनीं जमिनीवरील खुणांवर नजर ठेवून पाऊल टाकण्याचे व्यायाम रचिले. सराव हाच उपचार, हा विचार रूढ झाला. मात्र त्याची पारख वैद्याच्या डोळ्यांवरच अवलंबून राहिली.

१९११ सालीं ग्रॅहम ब्राउन यांनीं मांजरांवरील प्रयोगांनीं दाखविलें, कीं मेंदूशीं संबंध तुटला तरी मज्जारज्जु पावलांची लय उत्पन्न करूं शकतो. १९८७ त कॅनडांत अशीं मांजरें फिरत्या पट्ट्यावर चालावयास शिकलीं. मग माणसासही पट्ट्यांनीं उचलून धरून, त्याचे पाय हातांनीं हलवून, फिरत्या पट्ट्यावर चालविण्याची पद्धत निघाली. सुधारणा दिसे, पण पक्षाघातानंतरच्या पहिल्या महिन्यांत निसर्गही आपलें काम करीतच असतो. तेव्हां श्रेय कोणास द्यावें?

यासाठीं रोग्यांची विभागणी दैवाधीन करून तुलना सुरू झाली. २००६ सालीं मज्जारज्जूच्या १४६ रोग्यांवरील परीक्षेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पट्ट्याचा गट व जमिनीवर तितकाच सराव करणारा गट यांत फरक आढळला नाहीं. २०११ सालीं पक्षाघाताच्या ४०८ रोग्यांची अमेरिकेंतील परीक्षा प्रसिद्ध झाली. एका गटास दोन महिन्यांनीं पट्टा, दुसऱ्यास सहा महिन्यांनीं, तिसऱ्यास घरींच शिक्षकाच्या देखरेखीखालीं बळ व तोल यांचे व्यायाम मिळाले. चालण्याचा वेग मोजला गेला, सेकंदास ०.४ मीटरखालील माणूस बहुधा घरापुरताच फिरतो, ०.८ वरील बाहेर मोकळा वावरतो. वर्षाअखेर ५२ टक्के रोगी वरच्या पायरीवर पोंचले होते, आणि तिन्ही गटांत लक्षणीय भेद नव्हता. उलट, अति दुर्बल रोग्यांपैकीं ज्यांना पट्टा लवकर मिळाला, त्यांत वारंवार पडण्याचे प्रसंग अधिक घडले.

याचा अर्थ प्रयत्न व्यर्थ गेले असा नव्हे. सहाव्या महिन्यास पट्ट्याचा व घरच्या व्यायामाचा असे दोन्ही गट, केवळ नेहमींची शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षां, अधिक वेगानें चालत होते. बळ सरावाचें होतें, यंत्राचें नव्हे. ज्या कुटुंबास मोठें रुग्णालय दूर आहे, त्यास या निकालाचें मोल विशेष. हायडेनच्या त्या रोग्यानेंही आपला धडा घरींच गिरविला होता.