मृत्यूच्या नोंदी आणि ऋतूंचा हिशेब

मृत्यू कोणालाही चुकलेला नाही. तो कोणाच्या दारी केव्हा येईल हे सांगणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु एखाद्या नगरातील हजारो मृत्यूंच्या नोंदी महिन्यांनुसार एकत्र मांडल्या, तर त्यांत व्यापारातील हंगामासारखा चढउतार स्पष्ट दिसतो. काही महिने जड जातात, काही हलके. या चढउताराचा पद्धतशीर हिशेब प्रथम मांडणारा गृहस्थ वैद्य नव्हता वा विद्यापीठातील पंडितही नव्हता. तो लंडनमधील एक व्यापारी होता. त्याचे नाव जॉन ग्रांट.

ग्रांट यांचा जन्म १६२० साली एका कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. शिवणकामाला लागणारा किरकोळ माल, फिती, बटणे यांचा व्यापार ते करीत. त्या काळी लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्युपत्रक छापले जाई. मृत्यू झाला की चर्चची घंटा वाजे. मग त्या कामासाठी नेमलेल्या वृद्ध स्त्रिया घरी जाऊन प्रेत पाहत आणि मृत्यूचे कारण चर्चच्या कारकुनाला सांगत. मंगळवारी रात्री सर्व विभागांच्या नोंदी एकत्र होत, बुधवारी बेरीज होई आणि गुरुवारी पत्रक विक्रीस येई. प्लेग वाढू लागला आहे असे दिसले की श्रीमंतांनी गाव सोडावे आणि व्यापाऱ्यांनी पुढील धंद्याचा अंदाज बांधावा, एवढाच त्याचा उपयोग होता. आठवडा संपला की पत्रक रद्दीत जाई.

ग्रांट यांनी मात्र अनेक वर्षांची पत्रके मिळवून त्यांचा जणू ताळेबंद तयार केला आणि १६६२ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. कोणते ऋतू निरोगी व कोणते रोगट, यासाठी त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. पावसाळा आणि हिवाळा यांच्या मधला जो शरद ऋतू, तोच लंडनमध्ये सर्वांत घातक ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तीनच वर्षांनी, १६६५ च्या महाप्लेगमध्ये, त्याचा प्रत्यय आला. साथ उन्हाळ्यात वाढत गेली आणि सप्टेंबरच्या एकाच आठवड्यात प्लेगने ७,१६५ बळी घेतल्याची नोंद झाली. थंडी पडल्यावर साथ ओसरली.

ग्रांट यांचे आणखी एक निरीक्षण व्यापारी बुद्धीची साक्ष देते. नोंदींवर त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. प्रेत पाहणाऱ्या स्त्रियांना चार पैसे देऊन मृत्यूचे कारण बदलता येते, हे त्यांना ठाऊक होते. १६२५ च्या साथीत प्लेगचे ३५,४१७ बळी नोंदले गेले. परंतु इतर रोगांनी एरवी वर्षाला सात-आठ हजार माणसे मरत असताना त्या वर्षी तोच आकडा अठरा हजारांवर गेला होता. हे वरचे सुमारे अकरा हजार कोठून आले? ते प्लेगचेच बळी असून दुसऱ्या खात्यावर टाकले गेले, असे त्यांनी दाखवून दिले. कारणाची नोंद खोटी असू शकते, पण एकूण मृत्यूंची बेरीज सहसा फसवत नाही, हे तत्त्व त्यांनी घालून दिले.

पुढे लंडनमधून प्लेग गेला आणि ऋतूंचा हिशेबही बदलला. तरीही कडाक्याची थंडी आरोग्याला हितकर असते, अशी समजूत तेथे रूढ होती. १७९६ साली विल्यम हेबर्डन या वैद्याने दोन जानेवारी महिन्यांची तुलना केली. १७९५ चा जानेवारी अतिशय थंड होता, तर १७९६ चा सौम्य. थंड वर्षी त्या सुमाराच्या पाच आठवड्यांत २,८२३ दफने झाली होती, तर सौम्य वर्षी १,४७१. साठीच्या पुढील वृद्धांचे मृत्यू पहिल्या वर्षी ७१७ व दुसऱ्या वर्षी १५३ होते. थंडीचा घाव सर्वाधिक वृद्धांवर पडतो, हे केवळ दफनांच्या वह्यांवरून सिद्ध झाले.

आपल्या मुंबईनेही ऋतूंचा असा हिशेब फार मोठी किंमत देऊन शिकला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हिवाळ्यात साथ भडकली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. पावसाळा आला की साथ मंदावे, लोक परत येत आणि पुढच्या थंडीत ती पुन्हा डोके वर काढी. हे चक्र पुढील अनेक वर्षे चालले. उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत रोग पसरतो आणि हवामानाप्रमाणे हा प्रसार कमीजास्त होतो, हे संशोधकांनी दाखविल्यानंतर या चक्राचा उलगडा झाला. साथ ओसरली म्हणजे संपली असे नव्हे, हा धडा मुंबईकरांना त्यातून मिळाला.

ग्रांट यांची रीत आजही किती उपयोगी आहे, हे अहमदाबादने दाखविले आहे. मे २०१० मध्ये तेथे तापमान ४६.८ अंशांपर्यंत गेले. उष्माघाताने झालेले म्हणून नोंदले गेलेले मृत्यू थोडे होते. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, वार्धक्य अशा खात्यांवर बाकीचे गेले. संशोधकांनी मग एकूण मृत्यूंची बेरीज घेऊन मागील व पुढील वर्षाच्या मे महिन्यांशी ताडून पाहिली. त्यात १,३४४ मृत्यू जास्तीचे आढळले. हा आकडा समोर आल्यावर महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. तीव्र उन्हाची सूचना आधीच देणे, पाण्याची सोय करणे, आरोग्यसेवकांना प्रशिक्षण देणे, अशा साध्या उपायांची ती योजना आहे. एका रुग्णालयात तर प्रसूती कक्ष तापणाऱ्या वरच्या मजल्यावरून खाली हलविताच उष्णतेने आजारी पडणाऱ्या बालकांची संख्या घटली. पुढे अनेक शहरांनी या योजनेचे अनुकरण केले.

या सर्व इतिहासाचा मथितार्थ एकच आहे. ऋतू बदलणे आपल्या हाती नाही, पण कोणत्या ऋतूत कोणावर संकट येते हे कळले तर पुष्कळ जीव वाचविता येतात. आणि ते कळण्याचे साधन म्हणजे प्रत्येक मृत्यूची खरी व वेळेवर झालेली नोंद. आपल्या देशात १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. अनेक कुटुंबांत वारसाचे वा बँकेचे काम निघेपर्यंत तिकडे लक्ष दिले जात नाही. वृद्ध आजी गेल्या, आता कागदाचे काय काम, असे सहज म्हटले जाते. परंतु ज्या मृत्यूची नोंद नाही, तो त्या महिन्याच्या बेरजेत येत नाही, आणि बेरीज अपुरी राहिली की पुढच्या उन्हाळ्यासाठी वा हिवाळ्यासाठी कोणी तयारी करीत नाही.

व्यापारात एक पैसाही वहीत लिहिल्यावाचून राहू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. मनुष्याचे मोल पैशाहून कितीतरी अधिक आहे. आप्तांना निरोप दिल्यानंतर घरातील कर्त्या व्यक्तीने त्यांचे वय, दिनांक व आजाराचे खरे कारण यांसह नोंद वेळेवर करावी. जाणाऱ्याच्या नावाने मागे राहिलेल्यांची केलेली ती एक सेवाच ठरेल.