एक चषक की चार? इंडियानातला एक जुना वाद

आपल्या बॅचच्या वतीने तालुक्यातल्या शाळांसाठी खो-खोचा फिरता चषक ठेवायचा, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. दुमत झालं ते पुढच्या प्रश्नावर. सगळ्या शाळांची स्पर्धा एकच घ्यायची, की कमी पटाच्या शाळांचा गट वेगळा करायचा? बैठकीचा वृत्तांत मला इथे अमेरिकेत वाचायला मिळाला. दोन्ही बाजूंनी जोरात बोलणं झालं आणि निर्णय पुढे ढकलला गेला, असं त्यात होतं. त्यामुळे संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. मी राहतो त्या इंडियाना राज्यात हाच प्रश्न शालेय बास्केटबॉलवरून उभा राहिला होता. त्याचा निकाल लागून आता अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं झाली, तरी वाद मिटलेला नाही.

मी १९९५ साली कोलंबस या गावी नोकरीसाठी आलो. इथल्या कमिन्स कंपनीचं पुण्याशी जुनं नातं आहे. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तेव्हापासून ये-जा आहे. त्यामुळे या गावात मराठी ऐकू येणं नवलाचं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. शाळेच्या पोरांचा सामना बघायला अख्खं गाव लोटायचं. याच राज्यातल्या न्यू कॅसल गावात तर शाळेचं बंदिस्त क्रीडागृह हजारो प्रेक्षकांचं आहे. आपल्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांना जशी गर्दी होते, तशी इथे शाळेच्या बास्केटबॉलला.

याचं कारण शोधायला मागे जावं लागतं. राज्य अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९११ साली ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात झाली आणि क्रॉफर्ड्सव्हिलच्या शाळेने ती जिंकली. पुढच्या वर्षापासून ती राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने हाती घेतली. शेतीचा प्रदेश, लांबलचक हिवाळा, गावोगावी लहान लहान शाळा. फुटबॉलला अकरा पोरं लागतात, बास्केटबॉलला पाच पुरतात. त्यामुळे अगदी छोट्या शाळेचाही संघ उभा राहायचा. विनगेट नावाच्या शाळेत शंभरही विद्यार्थी नव्हते आणि स्वतःचं क्रीडागृहही नव्हतं. तिने १९१३ आणि १९१४ अशी लागोपाठ दोन वर्षं राज्य जिंकलं.

नियम साधा होता. शाळा कितीही लहान किंवा मोठी असो, स्पर्धा एकच. पहिली फेरी सेक्शनल, म्हणजे साधारण आपल्या तालुका पातळीसारखी, शेजारपाजारच्या शाळांमधली. मग रीजनल, मग सेमीस्टेट आणि शेवटी राज्य. कोण कुणाशी खेळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. सगळी बाद पद्धत, हरला की घरी. आपल्या शालेय स्पर्धांमध्येही वयाचे गट असतात, मुलामुलींचे वेगळे गट असतात, पण शाळेच्या पटसंख्येचे गट नसतात. म्हणजे ही पद्धत आपल्याला नवी नाही.

या पद्धतीचा मुकुटमणी म्हणजे १९५४ सालचा अंतिम सामना. एका बाजूला मायलन, हजार-अकराशे वस्तीच्या गावातली १६१ विद्यार्थ्यांची शाळा. दुसऱ्या बाजूला मन्सी सेंट्रल, पटसंख्येने दहापट मोठी आणि आधी अनेकदा राज्य जिंकलेली. त्या वर्षी ७५१ शाळांनी भाग घेतला होता. मायलनचे प्रशिक्षक मार्विन वुड अवघे सव्वीस वर्षांचे होते. किती वेळात चेंडू टाकलाच पाहिजे, असं बंधन त्या काळी नव्हतं. त्याचा फायदा घेऊन शेवटच्या सत्रात बॉबी प्लंप हा खेळाडू चेंडू हातात धरून चार मिनिटांहून अधिक काळ नुसता उभा राहिला. गंमत म्हणजे तेव्हा मायलन दोन गुणांनी मागे होतं. पुढे ३०-३० अशी बरोबरी झाली. शेवटचे काही सेकंद उरले असताना प्लंपनेच चेंडू टाकला आणि मायलन ३२-३० असं जिंकलं. १९८६ साली आलेला ‘हूझियर्स’ हा चित्रपट याच घटनेवरून सुचलेला. आपल्यातल्या काहींनी तो पाहिलाही असेल.

मात्र ही कथा सांगणारे एक गोष्ट बहुधा गाळतात. मायलनचा संघ आभाळातून पडला नव्हता. आदल्या वर्षी, १९५३ साली, तोच संघ राज्याच्या शेवटच्या चार संघांपर्यंत पोहोचला होता.

दुसरी गाळली जाणारी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘सर्वांसाठी एकच स्पर्धा’ ही खरोखर सर्वांसाठी नव्हती. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळा आणि कॅथलिक शाळा यांना १९४२ पर्यंत प्रवेशच नव्हता. इंडियानापोलिसमध्ये १९२७ साली केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेली क्रिस्पस ॲटक्स ही शाळा पंधरा वर्षं दाराबाहेर उभी होती. दार उघडल्यावर त्याच शाळेने, ऑस्कर रॉबर्टसनच्या संघाने, १९५५ आणि १९५६ अशी दोन वर्षं राज्य जिंकलं. दुसऱ्या वर्षी तर एकही सामना न हरता. तरीही १९५५ साली विजयाचा जल्लोष शहराच्या मध्यवर्ती चौकात रंगू दिला गेला नाही. मिरवणूक कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या उद्यानाकडे वळवली गेली. जुनी स्पर्धा म्हणजे रामराज्य, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. ॲटक्सने जिंकलं ते अख्खं राज्य होतं, म्हणूनच तो विजय कुणाला नाकारता आला नाही. एखाद्या गटाचं विजेतेपद असतं, तर त्याला ते वजन आलं नसतं.

आता वादाकडे येतो. मी आलो तेव्हा तो ऐन भरात होता. चार गट करावेत, असा प्रस्ताव होता. पटसंख्येनुसार शाळांची यादी लावायची, तिचे चार समान भाग करायचे आणि प्रत्येक भागाची स्पर्धा वेगळी. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. दीडशे पोरांतून पाच निवडणारी शाळा आणि दोन हजारांतून पाच निवडणारी शाळा यांची बरोबरी कशी व्हायची? मायलननंतर चाळीस वर्षांत तेवढी लहान शाळा पुन्हा जिंकलेली नव्हती. अमेरिकन फुटबॉलमध्ये याच राज्यात १९७३ पासून गट होते. बहुतेक राज्यांनी बास्केटबॉलमध्येही ते केलेले होते. एका चमत्काराच्या आठवणीसाठी आजच्या पोरांना दरवर्षी पहिल्याच फेरीत का मारायचं, असा त्यांचा सवाल होता.

विरोधकांत सर्वांत पुढे होता खुद्द बॉबी प्लंप. सर्वांत लहान शाळांच्या हितासाठी म्हणून जो बदल होणार होता, त्याला सर्वांत लहान शाळेचाच नायक विरोध करत होता. विरोधकांचं म्हणणं असं की, चार विजेते म्हणजे एकही विजेता नाही. शिवाय सेक्शनलचा प्राण शेजाऱ्यांच्या चुरशीत होता. गट पडले की शेजारची शाळा वेगळ्या गटात जाणार, आणि पन्नास-साठ मैलांवरच्या अनोळखी शाळेशी सामना बघायला कोण जाणार?

एप्रिल १९९६ मध्ये संघटनेच्या संचालक मंडळाने १२ विरुद्ध ५ मतांनी चार गटांचा निर्णय घेतला. गदारोळ झाला, तेव्हा सप्टेंबरमध्ये सर्व शाळांच्या मुख्याध्यापकांचं मत घेण्यात आलं. बदलाच्या बाजूने २२०, विरोधात १५७. मार्च १९९७ मध्ये शेवटची एकत्र स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात ब्लूमिंग्टन नॉर्थने डेल्टा शाळेला ७५-५४ असं हरवलं. १९९८ पासून राज्यात चार विजेते होऊ लागले. त्या चौघांची आपसात लढत लावून एक महाविजेता काढण्याचा प्रयोग दोन वर्षं झाला आणि बंद पडला.

पुढे काय झालं? दोन्ही बाजू थोड्याथोड्या खऱ्या ठरल्या. प्रेक्षक घटले. १९९० साली डेमन बेलीचा अंतिम सामना बघायला ४१ हजारांवर लोक जमले होते, तशी गर्दी पुन्हा दिसली नाही. दुसरीकडे, ज्या गावांनी कधी सेक्शनलचा करंडक पाहिला नव्हता, त्यांच्या शाळांच्या काचेच्या कपाटात तो आला. नव्या तक्रारीही आल्या. कमी पटाच्या पण शहरी खासगी शाळा लहान गटात येऊन खेड्यातल्या शाळांना हरवू लागल्या. मग २०१२ साली सतत जिंकणाऱ्या संघाला वरच्या गटात ढकलण्याचा नियम करावा लागला. त्याच वर्षी विधिमंडळातून जुनी पद्धत परत आणण्याची मागणी झाली, म्हणून राज्यभर सभा घेतल्या गेल्या. सभांना आलेल्यांचा कौल जुन्या पद्धतीकडे होता. शाळांतल्या मंडळींचा कल मात्र नव्या पद्धतीकडे राहिला, आणि तीच टिकली. शेजारच्या केंटकी राज्यात आजही सर्वांची एकच स्पर्धा होते, हे इथले जुने लोक न चुकता ऐकवतात.

या सगळ्यातून मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली अशी की, लोकांचा राग स्पर्धेच्या पद्धतीवर निघाला, पण दुःख दुसरंच होतं. १९३८ साली या स्पर्धेत ७८७ शाळा होत्या. १९९७ साली उरल्या ३८२. १९५९ च्या कायद्याने लहान शाळा एकमेकींत विलीन करण्याचा सपाटा लागला. मायलनची शाळा वाचली, शेकडो वाचल्या नाहीत. कामावरचा माझा एक वयस्कर सहकारी गटांच्या निर्णयावर फार चिडून बोलायचा. त्याची स्वतःची शाळा साठच्या दशकातच बंद झाली होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याच्या गावाचं नाव घेऊन मैदानात उतरणारा संघच राहिला नव्हता. मायलनसारखी गावं १९९७ साली संपली नाहीत, ती त्याआधी तीस वर्षं संपत आली होती. आपल्याकडेही कमी पटाच्या शाळांचं काय करायचं याची चर्चा चालू असते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दुसरी गोष्ट मालकीची. त्या स्पर्धेचे मालक दोन होते, बघणारं गाव आणि खेळणारी पोरं. गावाला एक मोठी गोष्ट हवी होती, पिढ्यान्‌पिढ्या सांगता येईल अशी. पोरांना, आणि रोज त्यांच्याबरोबर घाम गाळणाऱ्या शिक्षकांना, जिंकण्याची वाजवी आशा हवी होती. दोन्ही इच्छा चांगल्या आहेत, पण एका चषकात दोन्ही पुऱ्या मावत नाहीत.

आपल्या चषकाबद्दल माझं मत मांडून थांबतो. आपल्या वेळी शाळेत आठवी ते दहावी मिळून सहा तुकड्या होत्या. तालुक्याच्या गावच्या शाळेत एकेका इयत्तेला तेवढ्या होत्या. आपला खो-खोचा संघ त्यांच्याशी पहिल्याच सामन्यात हरायचा आणि दुपारच्या एस.टी.ने परत यायचा. वर्षभराचा सराव आणि सामना एक. ती हार मोठ्या शाळेकडून झाली, याचं दुःख मला कधी वाटलं नाही. उलट त्यांच्याविरुद्ध मिळवलेला एकेक गडी आम्ही वर्षभर मोजत होतो. दुःख होतं ते पुन्हा खेळायला न मिळण्याचं. इंडियानातल्या पोरांना बाद फेरीआधी हंगामात वीसेक सामने मिळतात, आपल्या पोरांना तसे मिळत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं: गट पाडू नका, पण बाद पद्धतही ठेवू नका. शेजारच्या चार-चार शाळांची साखळी करा, म्हणजे प्रत्येक संघ किमान तीन सामने खेळेल, लहान शाळा मोठ्या शाळेशी भिडेल आणि आपल्यासारख्याच एखाद्या लहान शाळेला हरवूही शकेल. साखळीतले पहिले संघ पुढे जाऊन एकाच चषकासाठी लढोत. दिवस वाढतील, खर्च वाढेल. परदेशातल्या आम्हा मंडळींनी तो वाटा उचलावा, आणि माझा वाटा मी कोषाध्यक्षांना कळवला आहे.

मात्र हे अंतिम ठरवण्याआधी एक काम करावं. तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांना एकदा बोलावून विचारावं, आणि जमलं तर पोरांनाही. आपल्या वेळच्या सरांनी आणि बाईंनी या बैठकीला अध्यक्ष म्हणून बसावं, अशी माझी विनंती आहे. आपण माजी विद्यार्थी म्हणजे शेवटी बघणारं गाव. टाळ्या आपण वाजवू, खेळायचं त्यांना आहे.